किलोवर विकली जाणारी हार्डडिस्क

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हाच वाचा, पण वाचा. आणि घरात माळ्यावर जुना कॉम्प्युटर पडला असेल तर तो भंगारात द्यायच्या आधी वाचा.

गेल्या महिन्यात आपल्याकडच्या एका कचेरीच्या फलकावर नोटीस लागली होती. निर्लेखित संगणक, प्रिंटर, यूपीएस वगैरे साहित्य, आहे त्या स्थितीत, जाहीर लिलावाने देणे आहे. कचेरीचं नाव लिहीत नाही, कारण हे एका कचेरीचं दुखणं नाही. शाळा, पतसंस्था, दवाखाने, सोसायट्या, सगळीकडे हेच चालतं. मी लिलावाच्या दिवशी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. व्हरांड्यात कॅबिनेटांची थप्पी होती. (आपल्याकडे त्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, म्हणोत बापडे.) मी तिथल्या बाबूंना विचारलं, "साहेब, यातल्या हार्डडिस्क काढून घेतल्यात का?" ते म्हणाले, "बंद पडलेत हो सगळे. काय असणार त्यात?"

या एका वाक्यासाठी ही पोस्ट लिहितोय. कॉम्प्युटर बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचा पॉवर सप्लाय गेलेला असतो, नाहीतर मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले असतात, नाहीतर रॅमच्या पट्टीवर गंज धरलेला असतो. हार्डडिस्क ही आत वेगळी, स्वतंत्र वस्तू आहे. चार स्क्रू काढले की हातात येते. घर पडलं म्हणून तिजोरीतली कागदपत्रं जळत नाहीत, तसंच हे. डबा मेला तरी डिस्क जिवंत असू शकते, आणि तिच्यातलं सगळं वाचता येतं. त्यासाठी लागतो एक अडॅप्टर. आपल्या बाजारात 'यूएसबी टू साटा-आयडीई कन्व्हर्टर' म्हणून मिळतो. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, आता तर ऑनलाइनही. माझा मी हजाराच्या आसपास घेतला होता. त्याने आजवर किती जणांचे लग्नाचे फोटो, किती पोरांचे प्रोजेक्ट आणि किती पतसंस्थांचे हिशोब बाहेर काढलेत त्याची मोजदाद ठेवलेली नाही.

पण या वेळची गोष्ट लग्नाच्या फोटोंची नाही. ओढ्याकाठच्या जागेची आहे.

आपल्या गावाला नदीचं पाणी दोन वाटांनी येतं. एक घाटाकडून, ते सगळ्यांना दिसतं. दुसरं ओढ्यातून उलटं चढतं, ते ओढ्याकाठी राहणाऱ्यालाच कळतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते कोणाला सांगायला नको. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये फोटो आहेत. आता ओढ्याकाठच्या जुन्या आमराईच्या जागेत प्लॉट पाडायचं चाललंय. भराव टाकायला सुरुवात झाली. तिथल्या जुन्या रहिवाशांनी हरकत घेतली तर उत्तर आलं की २०१९ अपवाद होता, असा पूर शंभर वर्षांत एकदा येतो, २००५ मध्ये या जागेत पाणी आलंच नव्हतं.

आलं होतं. मी स्वतः पाहिलंय. पण मी पाहिलंय याला कागदावर किंमत नाही. २००५ मध्ये कोणाच्या हातात मोबाइल कॅमेरा होता? नदीला पाटबंधारे खात्याच्या पूररेषा असतात. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आमच्या या ओढ्याला कसली रेषा आखलेली नाही. मग पुरावा आणायचा कुठून? रहिवाशांनी दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला: २००५ च्या पुराचे पंचनामे आणि सानुग्रह अनुदानाची यादी द्या. उत्तर आलं, सदर अभिलेख संगणकात होता, सदर संगणक निर्लेखित झाल्याने माहिती उपलब्ध नाही.

वाचून मला हसू आलं आणि चीडही. निर्लेखित! म्हणजे कुठल्या तरी लिलावात किलोवर गेला.

मग आठवलं आपलं साप्ताहिक. जुन्या मंडळींना आठवत असेल, दर आठवड्याला चार पानं यायची, कधी सहा. संपादकच बातमीदार, संपादकच कंपोझिटर, आणि वर्गणी मागायला येणारेही तेच. २०१६ ला अंक बंद पडला, त्यानंतर दोन वर्षांत ते गेले. त्यांच्याकडे सगळ्या अंकांच्या बांधीव फायली होत्या, पण त्या खालच्या खोलीत. २०१९ च्या पाण्यात त्यांचा लगदा झाला. वाचनालयात फायली होत्या, त्याही तळमजल्यावर. पुराने पुराची बातमी खाल्ली म्हणायची.

काकूंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "अहो सर, तीन डबडी आहेत वरच्या माळ्यावर. भंगारवाला चारशे म्हणतोय तिन्हीचे. उद्याच बोलावलंय."

म्हटलं, "काकू, डबडी त्यालाच द्या. आतली एकेक वस्तू तेवढी मला काढू द्या."

"काढा की. ह्यांचा जीव होता त्यात. मला मेलीला त्यातलं काही कळत नाही."

तीन कॅबिनेटमधून तीन डिस्क निघाल्या. आता इथे थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नका. हे कळलं तर तुम्ही तुमच्या घरी करू शकाल, आणि कोणी 'डेटा गेला, आता काही होत नाही' म्हणून हात वर केले तर त्याला दोन प्रश्न विचारू शकाल.

दोन डिस्क आयडीईच्या होत्या, एक साटाची. ओळखणं सोपं आहे. रुंद, फणीसारखी दोन ओळींत उभ्या पिना असलेली ती आयडीई. तिला ती राखाडी पट्टीसारखी चपटी केबल लागायची. पिना चाळीस, त्यातली मधली एक मुद्दाम गाळलेली, म्हणजे केबल उलटी बसू नये. साटाला उभ्या पिनाच नाहीत. इंग्रजी एल आकाराच्या दोन चपट्या खाचा असतात, छोटी डेटाची आणि लांब विजेची. साटा आलं २००३ मध्ये, पण आपल्याकडच्या जोडून घेतलेल्या कॉम्प्युटरात आयडीई पुढेही बरीच वर्षं बसत राहिली. तेव्हा २००७ च्या आधीचा डबा असेल तर आयडीई निघेल असं धरूनच चाला, आणि नुसता साटाचा कन्व्हर्टर आणू नका. दोन्ही असलेला आणा. लॅपटॉपची जुनी आयडीई डिस्क अजून निराळी असते. ती छोटी, पिना बारीक आणि चव्वेचाळीस, कारण तिची वीजही त्याच फणीतून जाते. चांगल्या कन्व्हर्टरला तीन बाजू असतात: मोठी आयडीई, छोटी आयडीई आणि साटा.

आता वीज. इथेच लोकांची फसगत होते. लॅपटॉपची छोटी डिस्क पाच व्होल्टवर चालते, त्यामुळे बऱ्याचदा यूएसबीतून मिळणाऱ्या विजेवरच फिरते. डेस्कटॉपची मोठी डिस्क तशी फिरत नाही. तिला पाच व्होल्टही लागतात आणि मोटर फिरवायला बारा व्होल्टही. यूएसबीत बारा नसतातच. म्हणून मोठ्या डिस्कच्या कन्व्हर्टरबरोबर वेगळा चार्जरसारखा डबा येतो, त्याला चार जाड पिनांचा मोलेक्स कनेक्टर असतो. पिवळी तार बारा व्होल्ट, लाल पाच, मधल्या दोन काळ्या अर्थिंगच्या. हा कनेक्टर दोन कोपरे छाटलेला असतो, नीट धरला तर सरळच बसतो. पण स्वस्तातल्या मालाचं प्लास्टिक मऊ असतं, जोर लावला तर उलटाही घुसतो. उलटा घुसला की बारा व्होल्ट पाचच्या जागी जातात आणि डिस्कचा बोर्ड जळतो. बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवून बघा. कित्येक लोक कन्व्हर्टर घेतात, फक्त यूएसबी जोडतात, काही दिसत नाही म्हणून डिस्क मेली असं ठरवून मोकळे होतात. ती मेलेली नसते, उपाशी असते.

आयडीईला अजून एक भानगड आहे, जंपर. पाठीमागे पिनांवर बसवलेली बारकी प्लास्टिकची टोपी. पूर्वी एका केबलवर दोन डिस्क लागायच्या, एक मास्टर आणि एक स्लेव्ह (शब्दच तसे होते), आणि कोण कोण ते या टोपीवरून ठरायचं. बहुतेक कन्व्हर्टरना डिस्क मास्टर हवी असते. डिस्कच्या स्टिकरवर नकाशा छापलेला असतो, कुठल्या पिनांवर टोपी म्हणजे काय. काही कंपन्यांच्या डिस्क एकट्या असतील तर टोपी पूर्ण काढायची असते, तेही स्टिकरवरच लिहिलेलं असतं. चष्मा लावा, वाचा. काकूंकडची दुसरी डिस्क स्लेव्ह होती, म्हणजे कधीकाळी ती पहिलीच्याच शेजारी, एकाच डब्यात असणार.

जोडायची रीत अशी. आधी सगळं बंद. डिस्क कोरड्या लाकडी टेबलावर ठेवा, स्टीलच्या टेबलावर नको, खालचा बोर्ड उघडा असतो. डेटाची बाजू जोडा, मग वीज, मग विजेचं बटण, डिस्क घरघरून एका लयीत आली की मगच यूएसबी कॉम्प्युटरला लावा. फिरत असताना तिला हलवायचं नाही, उभी-आडवी करायची नाही. आणि कान द्या. एकसारखी घूं आवाज आला तर शुभ. टक्... टक्... टक् असा घड्याळासारखा आवाज आला तर लगेच वीज बंद. आतला वाचणारा काटा चाचपडतोय, जागा सापडत नाहीये. त्या अवस्थेत जितका वेळ चालू ठेवाल तितकं नुकसान वाढत जातं. 'अजून एकदा लावून बघू' हा आपला राष्ट्रीय स्वभाव आहे, तो इथे आवरा.

आणि स्क्रीनवर विंडोजने विचारलं की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का, तर नाही म्हणा. शंभरदा विचारलं तरी नाही. मशीनला डिस्कची मांडणी कळली नाही एवढाच त्याचा अर्थ असतो.

मी स्वतः जुनी डिस्क विंडोजला थेट लावत नाही. विंडोज डिस्क दिसली की तिच्यावर आपल्या स्वतःच्या नोंदी लिहायला लागतं, न विचारता. मी लिनक्सवर लावतो, फक्त-वाचा पद्धतीने, आणि आधी डिस्कची अख्खी हुबेहूब नक्कल एका फाइलमध्ये उतरवून घेतो. डीडीरेस्क्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते आधी सोपं सोपं सगळं उचलतं, बिघडलेले भाग बाजूला टिपून ठेवतं आणि शेवटी त्यांच्यावर परत परत प्रयत्न करतं. मध्ये लाइट गेली तर जिथे थांबलं तिथून पुढे सुरू. आपल्या गावाला साजेसं सॉफ्टवेअर आहे एकूण. पुढचं सगळं काम नकलेवर करायचं, मूळ डिस्क कापडात गुंडाळून कपाटात.

पहिली डिस्क ४० जीबीची. आज एवढ्यात एका लग्नाचा व्हिडिओ मावत नाही. तिच्यात २००१ ते २००८ चे जवळजवळ सगळे अंक होते, पेजमेकरच्या फायलींत. तिसरीत, साटावाल्या डिस्कमध्ये, पुढचे २०१६ पर्यंतचे. म्हटलं चला, काम झालं. फाइल उघडली तर पानभर इंग्रजी कचरा. अक्षरं, कंस, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं.

ज्यांनी त्या काळात डीटीपी केलंय ते ओळखतील. तेव्हा मराठी युनिकोडमध्ये लिहीत नव्हते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या छापखान्यांत ती पोचायला फार वर्षं गेली. श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांवर सगळी दुनिया चालायची. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी अक्षर इंग्रजीच असायचं, फॉन्ट त्याच्या अंगावर मराठी अक्षराचा सदरा घालायचा. सदरा काढला की खाली पुन्हा इंग्रजी. म्हणजे डिस्क वाचली, फाइल वाचली, तरी भाषा वाचेलच असं नाही. अडॅप्टरच्या पुढचा हा दुसरा अडॅप्टर, आणि तो बाजारात लोंबकळत नसतो. नशिबाने त्याच डिस्कच्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये ते जुने फॉन्ट तसेच पडलेले होते, आणि माझ्या क्लासमध्ये एक्सपीवर चालणारं एक म्हातारं मशीन अजून आहे, पेजमेकरसकट. (बायको दर दिवाळीला ते टाकून द्या म्हणते.) फॉन्ट टाकले, फाइल उघडली आणि पान उभं राहिलं. मास्टहेड, खाली आठवड्याची तारीख, उजव्या कोपऱ्यात कापड दुकानाची जाहिरात.

ऑगस्ट २००५ चा पहिला अंक. पान एक आणि पान तीन पूर्ण पुराचं. त्या माणसाने गल्लीवार लिहिलंय. कुठल्या देवळाच्या कितव्या पायरीला पाणी लागलं, कुठल्या शाळेत किती कुटुंबं हलवली, दूध कुठून आलं. आणि पान तीनच्या दुसऱ्या स्तंभात ओढ्याकाठची आमराई: कमरेइतकं पाणी, दोन दिवस, अकरा घरं रिकामी केली, जनावरं मराठी शाळेच्या पटांगणात. घरवाल्यांची आडनावांसकट यादी. आज हरकत घेणाऱ्यांतली सात आडनावं तीच आहेत.

मी ते पान तीनदा वाचलं. वीस वर्षांपूर्वी त्या माणसाने गुडघाभर चिखलातून फिरून ही यादी केली तेव्हा त्यांना कोणी पैसे दिले नव्हते, कोणी सांगितलंही नव्हतं. उलट त्या वेळी गावात लोक म्हणायचे, यांना काय, पान भरायला बातमी मिळाली.

आता अडचण. बातमीखाली फोटोची चौकट आहे, ओळ आहे: 'जुन्या आमराईतून होडीने लोकांना बाहेर काढताना'. चौकटीत मात्र धुरकट ठिपक्यांचा चौकोन. पेजमेकर मोठे फोटो सहसा फाइलच्या पोटात ठेवायचा नाही. नुसता पत्ता ठेवायचा, फोटो अमुक डिस्कवर तमुक फोल्डरमध्ये आहे म्हणून, आणि पानावर एक अंधुक छाया. पत्ता बघितला. दुसरी डिस्क. ती स्लेव्ह. म्हणजे ते पानं एका डिस्कवर आणि फोटो दुसरीवर ठेवायचे, शहाणा माणूस. आणि दुसरी डिस्क लावल्या लावल्या बोलली: टक्... टक्... टक्...

बंद केली. ती आता माझ्याकडे बबल रॅपमध्ये आहे. अशी डिस्क घरी उघडायची नसते. यूट्यूबवर लोक स्क्रू काढून आतली तबकडी दाखवतात, त्यांच्या नादी लागू नका. आतला काटा तबकडीला न टेकता केसाहून कितीतरी कमी अंतरावरून तरंगत असतो, धुळीचा एक कण पुरे. फ्रीजरमध्ये ठेवायचा जो उपाय सांगतात तोही करू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. बोर्ड बदलून चालेल असंही कोणी सांगेल. बऱ्याच डिस्कमध्ये त्या त्या डिस्कची स्वतःची माहिती बोर्डवरच्या चिपमध्ये असते, तेवढी चिप हलवल्याशिवाय नुसता बोर्ड बदलून भागत नाही. हे काम स्वच्छ खोली असलेल्या प्रयोगशाळेचं. पुण्या-मुंबईत आहेत. खर्च आहे.

वकिलांना विचारलं, नुसत्या पानावर भागेल का. ते म्हणाले, छापील मूळ अंक असता तर उत्तम, डिस्कवरच्या फायलीसाठी प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते करू. फोटो मिळाला, त्यात मागचं मंदिर दिसलं, तर जोर येईल. पान सध्या हरकतीला जोडलंय. निकाल काय लागेल ते माहीत नाही.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त टोचते.

त्या डिस्कवर फक्त अंक नव्हते. गावातल्या अर्ध्या लोकांच्या जाहीर नोटिसा, त्यांच्यासोबत आलेल्या सातबाऱ्याच्या आणि खरेदीखतांच्या स्कॅन प्रती, लग्न जुळवण्यासाठी आलेली माहिती, छापू नका म्हणून दिलेली पत्रं. 'घरचे' नावाचं एक फोल्डर होतं. मी ते उघडलं नाही, तसंच पेनड्राइव्हवर घालून काकूंना दिलं. पण मी उघडलं नाही हा माझा प्रश्न झाला. चारशे रुपयांत डबडी गेली असती तर पुढच्या माणसाला अडवणारं कोणी नव्हतं. त्याच्याकडेही हजाराचा कन्व्हर्टर असतोच.

लोकांना वाटतं डिलीट केलं की गेलं, फॉरमॅट मारला की कोरं झालं. तसं नसतं. साध्या फॉरमॅटने पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली जाते, पानं तशीच राहतात. अमेरिकेत एमआयटीमध्ये सिमसन गार्फिंकेल आणि अभि शेलत या दोघांनी सेकंडहँड बाजारातून १५८ डिस्क विकत घेतल्या आणि काय सापडतं ते तपासलं. २००३ मध्ये त्यांचा निबंध आला. त्यात पाच हजारांहून जास्त क्रेडिट कार्डांचे नंबर निघाले. एक डिस्क तर एटीएम मशीनमधली होती. वीस वर्षांपूर्वीची, तिकडची गोष्ट. आपल्या लिलावात मांडलेल्या त्या थप्पीत काय असेल? लाभार्थ्यांच्या याद्या, बँक खात्यांचे नंबर, आधारच्या प्रती, निराधार योजनेतल्या बायकांची नावं-पत्ते.

म्हणजे बघा, एकाच कचेरीत एकाच वेळी दोन उलट्या गोष्टी घडतात. जे जपायचं ते 'संगणक निर्लेखित झाल्याने उपलब्ध नाही', आणि जे पुसायचं ते 'आहे त्या स्थितीत' विकायला मांडलेलं.

कायदे नाहीत असं नाही. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यातच अभिलेखाच्या व्याख्येत कॉम्प्युटरवर तयार झालेली सामग्री धरलेली आहे. म्हणजे कागद म्हणजेच अभिलेख हा बाबूंचा समज तीस वर्षं शिळा आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेत मंजूर झाला. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जावा अशी व्यवस्था आहे. हातगाडीवाल्याकडे नाही. हातगाडीवाल्यावर माझा राग नाही बरं का, तो पोट भरतोय. त्याच्या पोरांनी तारा जाळून तांबं काढू नये एवढंच.

मी कचेरीत लेखी अर्ज दिलाय. मागणी साधी आहे. निर्लेखनाच्या यादीत 'संगणक नग इतके' असं न लिहिता हार्डडिस्क वेगळी दाखवा. लिलावाआधी ती काढा. अभिलेख असेल तर नक्कल करून ठेवा, मग डिस्क पुसा किंवा भोकं पाडा आणि तसा पंचनामा करा. पुसणं म्हणजे अख्ख्या डिस्कवर एकदा शून्यं लिहून काढणं. तबकडीच्या डिस्कला एकदा पूर्ण लिहिलं तरी पुरतं, सात-सात वेळा लिहायची गरज नाही. नव्या एसएसडीला ही रीत लागू नाही, तिला तिच्या कंपनीची पुसण्याची आज्ञा द्यावी लागते. एका डिस्कला चार स्क्रू, दहा मिनिटं. माणूस नसेल तर मी आणि क्लासची पोरं येतो, फुकट. अर्जावर शिक्का मिळालाय. लिलाव तूर्त पुढे ढकललाय असं शिपायाकडून कळलं, लेखी काही नाही.

घरच्यांसाठी दोनच गोष्टी. पुरात भिजलेली डिस्क असेल तर ती कन्व्हर्टरला लावून बघू नका, तांदळाच्या डब्यात पुरू नका, उन्हात वाळवू नका. डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गाळाचं पाणी आत गेलेलं असतं, फिरवली की तबकडी खरवडते. ती तशीच पिशवीत बंद करून ठेवा, आत काही मोलाचं असेल तर प्रयोगशाळेत. आणि नव्या लॅपटॉपमधली डिस्क काढली आणि कन्व्हर्टरला लावल्यावर ती कुलूपबंद दिसली तर दचकू नका. बिटलॉकर म्हणतात त्याला. त्याची लांबलचक आकडी किल्ली बऱ्याचदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, आधी तिथे बघा. किल्ली नसेल तर मात्र कुठलाही अडॅप्टर कामाचा नाही.

माझा कन्व्हर्टर शनिवारी दुपारी क्लासमध्ये रिकामा असतो. डिस्क घेऊन या, तुमच्या समोर लावतो, तुमच्याच पेनड्राइव्हवर देतो. माझ्याकडे काही ठेवत नाही.

साप्ताहिकाचे २००१ ते २०१६ चे अंक युनिकोडमध्ये आणायचं काम पोरांनी हाती घेतलंय, त्याला वेळ लागेल. ती टकटक करणारी डिस्क पुढच्या आठवड्यात पुण्याला नेतोय. खर्चाचा आकडा कळला की इथेच टाकेन, काकूंकडून एक रुपया घ्यायचा नाही असं आम्ही चौघांनी ठरवलंय.

तोवर एक काम तुमच्याकडे. ऑगस्ट २००५ चा पहिला अंक, चार पानी, पहिल्या पानावर वर होडीचा फोटो आणि खाली कापड दुकानाची जाहिरात. कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी, देव्हाऱ्याच्या कागदात, पुस्तकाच्या कव्हराला लावलेला का असेना, असेल तर मला फोन करा. फाडू नका, लॅमिनेट करू नका. मी घरी येऊन बघतो.